वायुसाठ्याची नाडीपरीक्षा

टंचाईग्रस्त गावांत काम केलेले सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांना जलभंजनाचा प्रयोग नवा नाही. विंधन विहिरीचे पाणी कमी पडू लागले, की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे वाहन गावात येते. विहिरीतील पंप वर काढला जातो, आत पॅकर उतरवून तिचा काही भाग बंद केला जातो आणि त्या भागात मोठ्या दाबाने पाणी दडपले जाते. खडकातील चिंचोळ्या, गाळाने बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि बहुधा विहिरीचे पाणी वाढते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की यश आले की नाही हे सारे करून झाल्यावरच समजते. उथळ विंधन विहिरीच्या बाबतीत एवढी जोखीम पत्करता येते.

जमिनीखाली तीन किलोमीटरवर असलेला खडक फोडून त्यातून नैसर्गिक वायू काढावयाचा असेल, तर मात्र ‘करून पाहू, मग कळेल’ हा मार्ग परवडणारा नसतो. तेथे एका विहिरीसाठी हजारो घनमीटर पाणी, शेकडो टन वाळू आणि कोट्यवधी रुपये लागतात. एवढा खर्च करण्यापूर्वी तो खडक वायू देईल काय, किती सहजपणे देईल आणि फोडताना किती विरोध करील, हे जाणून घेण्यासाठी एक छोटी चाचणी घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिला भंग-अंतःक्षेपण चाचणी म्हणता येईल. तीत दहा-पाच मिनिटे पाणी दडपावयाचे आणि नंतर कित्येक दिवस केवळ दाब पाहत राहावयाचे, एवढेच असते. वर्णन करावयास ही चाचणी सोपी आहे. तिचा अर्थ लावणे किती कठीण आहे, हे गेल्या काही वर्षांतील शास्त्रीय वादावरून दिसून आले आहे.

मोकळा खडक आणि घट्ट खडक

मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली मुंबई हायचे आणि १९७६ साली वसईचे क्षेत्र सापडले. वसईचा वायू चुनखडकात आहे आणि त्या खडकातील पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळे विहीर खोदली, की वायू आपल्याच दाबाने वर येतो. अशा ठिकाणी खडकाची परीक्षा घेणे फारसे अवघड नसते. विहीर काही काळ वाहू द्यावी, मग झडप बंद करावी आणि दाब कोणत्या गतीने पुन्हा चढतो ते पाहावे. डी. आर. हॉर्नर यांनी १९५१ साली मांडलेल्या आलेखाने त्यावरून साठ्याचा मूळ दाब आणि खडकाची पार्यता काढता येते.

पार्यता म्हणजे द्रव अथवा वायू आपल्यातून जाऊ देण्याची खडकाची क्षमता. तिचे माप ज्याच्या नावाने चालते, तो आंरी डार्सी हा फ्रान्समधील दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता होता. वाळूच्या थरातून पाणी कसे झिरपते, याचे प्रयोग त्याने १८५६ साली प्रसिद्ध केले. एक डार्सी पार्यतेचा वालुकाश्म चांगला मोकळा समजावा. ज्यांना घट्ट वायुसाठे म्हणतात, त्यांची पार्यता डार्सीच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी असते. शेल खडकात तर ती डार्सीच्या काही अब्जांश भागांपर्यंत उतरते. खडकात वायू भरपूर असतो. त्याला बाहेर पडण्यास वाट नसते.

अशा खडकात हॉर्नरची पद्धत चालत नाही, कारण फोडल्याखेरीज विहीर वाहतच नाही आणि जी वाहिलीच नाही तिची झडप बंद करून काय पाहणार? खडकाचा गाभा-नमुना वर आणून प्रयोगशाळेत मोजता येतो. परंतु तो वर येताना त्याच्यावरचा प्रचंड भार नाहीसा झालेला असतो, त्यात नव्या बारीक भेगा पडलेल्या असतात आणि मुठीएवढ्या तुकड्यावरून साऱ्या थराचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून थराच्या जागीच, त्याच्या मूळ स्थितीत, मोजमाप करण्याची गरज भासली.

फोडण्याच्या कलेपासून मोजण्याच्या शास्त्राकडे

दाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग १९४७ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ह्यूगोटन वायुक्षेत्रातील एका विहिरीत झाला. घट्ट केलेले पेट्रोल त्यात वापरले होते. गमतीची गोष्ट अशी, की त्या विहिरीचे उत्पादन काही विशेष वाढले नाही. तरीही कल्पना टिकली आणि १७ मार्च १९४९ रोजी ओक्लाहोमा व टेक्सास या राज्यांत तिचा व्यापारी वापर सुरू झाला.

आरंभीच्या काळात जमिनीत भेग कोणत्या दिशेने पडते, याविषयीच एकमत नव्हते. ती थरांना समांतर, आडवी पडत असावी, असे अनेकांस वाटे. १९५७ साली एम. किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी या प्रश्नाचा निकाल लावला. त्यांनी जिलेटिनचा घट्ट गोळा एका दिशेने दाबून धरला आणि त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे पातळ मिश्रण दडपले. खडकाला चहूबाजूंनी आवळणारा जो जोर असतो, त्याला शास्त्रात प्रतिबल म्हणतात. ते सर्व दिशांना सारखे नसते. जिकडे ते सर्वांत कमी, तिकडेच खडक सरकण्यास राजी असतो. म्हणून भेग त्या दिशेशी काटकोन करून उघडते. खोल थरांत वरचा भार बहुधा मोठा असल्याने भेगा उभ्याच पडतात.

हे किमान प्रतिबल किती, ही या साऱ्या विषयातील कळीची संख्या आहे. महाराष्ट्रात तिच्याशी मिळताजुळता प्रश्न वेगळ्याच कारणाने पुढे आला. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या भागात लहानमोठे धक्के होत राहिले. त्यांचे मूळ शोधण्यासाठी गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे विवर खोदण्यात आले. ते काम २०१७ साली पूर्ण झाले. विवराच्या भिंतींच्या प्रतिमांवरून तेथील प्रतिबलाची दिशा अभ्यासण्यात आली आहे. भिंतीच्या प्रतिमेवरून दिशा सांगता येते. किमान प्रतिबलाचे परिमाण खात्रीने सांगावयाचे तर खडक किंचित उघडून पुन्हा मिटू द्यावा लागतो.

भेग मिटताना दाब कसा उतरतो, याचे गणित १९७९ साली केनेथ नोल्टे यांनी अमेरिकेत मांडले. भेगेच्या भिंतीतून पाणी झिरपण्याची गती काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात मंदावते, हे आर. डी. कार्टर यांनी १९५७ सालीच दाखविले होते. नोल्टे यांनी त्यावरून काळाचे असे एक परिवर्तित माप तयार केले, की त्या मापावर दाबाचा उतार सरळ रेषेत यावा. रेषा वाकली, की खडकात काहीतरी घडले असे समजावयाचे.

दहा मिनिटे काम, दहा दिवस प्रतीक्षा

चाचणीची रीत अशी असते. विहिरीत पोलादी आवरणनळी बसवून तिच्या भोवती सिमेंट भरलेले असते. ज्या थराची परीक्षा घ्यावयाची, तेथे नळीला थोडीशीच छिद्रे पाडतात. मग साधे अथवा किंचित क्षार मिसळलेले पाणी मिनिटाला काही शे लिटर या बेताने दडपतात. दाब झपाट्याने चढतो, एका क्षणी खडक फुटतो, दाब थोडा उतरतो आणि भेग वाढू लागते. पाच-दहा मिनिटांत दोन-चार घनमीटर, म्हणजे एका लहानशा टँकरभर, पाणी गेले की पंप एकदम बंद करतात. भेग मिटू द्यावयाची असल्यामुळे पाण्यात वाळू मुळीच नसते. येथून पुढे विहिरीस कोणी हात लावावयाचा नाही. सूक्ष्म दाबमापक दर सेकंदाला नोंद करीत राहतो.

पंप थांबताच वाहत्या पाण्याचे घर्षण नाहीसे होते आणि दाब एकदम काही अंशाने उतरतो. त्यानंतरचा जो आकडा, तो भेग उघडी धरणारा खरा दाब. विहिरीच्या तोंडावरील दाबात पाण्याच्या स्तंभाचा भार मिळवावयाचा असतो; तीन हजार मीटर खोलीस तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम होतो. समजा, तोंडाशी २१० किलोग्रॅम दाब दिसला, तर तळाशी तो ५१० झाला.

त्यानंतर पाणी भिंतींत मुरत जाते, भेग आक्रसते आणि एका टप्प्यावर तिच्या दोन्ही भिंती एकमेकींस टेकतात. तेव्हाचा दाब हे किमान प्रतिबलाचे माप. पुढे मुरलेल्या पाण्याने वाढविलेला दाब थरात दूरवर पसरू लागतो. आधी तो भेगेपासून सरळ दोन्ही बाजूंस जातो. या काळात मूळ दाबाहून जास्त असलेला दाब काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पुष्कळ वेळानंतर, तळ्यात टाकलेल्या खड्याच्या तरंगांप्रमाणे, तो वर्तुळाकार पसरतो आणि त्याची घट थेट काळाच्या व्यस्त प्रमाणात होऊ लागते. पहिल्या अवस्थेवरून साठ्याचा मूळ दाब, आणि दुसरी अवस्था खरोखर आली असेल तर खडकाची पार्यता विश्वासाने सांगता येते.

मूळ दाबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वायू दाबाखाली आकुंचित होत असल्याने साठ्यातील दाब जेवढा अधिक, तेवढा त्याच पोकळीत वायू अधिक. थराची जाडी आणि सच्छिद्रता हिशेबात बरोबर धरली आणि दाब चुकला, तर साठ्याचा सारा अंदाज चुकतो.

येथे धीर हा उपकरणाइतकाच महत्त्वाचा ठरतो. घट्ट वालुकाश्मात उपयुक्त नोंद मिळण्यास काही दिवस पुरतात. शेलमध्ये आठवडे लागतात, आणि वर्तुळाकार अवस्था कित्येकदा व्यवहारात दिसतच नाही. इकडे खोदाईची आणि पंपांची यंत्रसामग्री भाड्याने आणलेली असते, पुढील कामाची तारीख ठरलेली असते. तिसऱ्या दिवशी नोंद थांबविण्याचा मोह होतो. तीन दिवसांची नोंदही आकडा देते, ही खरी अडचण आहे. आकडा मिळाला म्हणजे चाचणी झाली असे कागदोपत्री दिसते.

पाणी कमी दडपले, तर भेग लहान राहते आणि पुढच्या अवस्था लवकर येतात. परंतु फारच कमी दडपले, तर खोदाईने बिघडलेल्या विहिरीलगतच्या खडकाचीच परीक्षा होते. दाबमापक विहिरीच्या तोंडाशी असेल, तर दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारठा यांचे हेलकावे आलेखात उमटतात. साठ्याचा दाब पाण्याच्या स्तंभाहून कमी असला, तर तोंडाशी दाब शून्यावर येतो आणि पुढची गोष्ट कळतच नाही. अशा वेळी मापक तळाशीच उतरवावा लागतो. वायूचे बुडबुडे विहिरीत शिरून वर चढू लागले, तर वरचा आकडा आणि तळाचा दाब यांचा हिशेबच मोडतो.

भेग नेमकी कधी मिटली?

अनेक वर्षे या प्रश्नाचे उत्तर अभियंते एका ठरावीक रीतीने देत आले. नोल्टे यांच्या काळमापावर दाबाच्या उताराचा एक आलेख काढावयाचा, उगमबिंदूपासून त्याला स्पर्शिका लावावयाची आणि वक्ररेषा त्या स्पर्शिकेपासून खाली वळली, की भेग मिटली असे मानावयाचे. रॉबर्ट बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सर्वत्र रूढ केली. स्पर्शिकेच्या खाली वक्ररेषेला जो झोळ पडतो, त्याचा अर्थ आजूबाजूच्या नैसर्गिक भेगांतील पाणी परत येत आहे, अथवा भेगेची उंची घटत आहे, असा लावला जाई. पद्धत सुटसुटीत होती आणि निरनिराळ्या अभियंत्यांची उत्तरे तीमुळे एकमेकांशी जुळत.

२०१४ नंतर मार्क मॅक्लूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या मुळाशीच शंका घेतली. भेगेच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत नसतात. त्या खडबडीत असतात. त्या टेकल्या तरी त्यांच्यामध्ये फट उरते आणि तीत पाणी असते. टेकल्यापासून भेग ताठर होते, म्हणून तेवढेच पाणी मुरले तरी दाब अधिक वेगाने उतरतो. म्हणजे ज्या झोळाचा अर्थ दूरच्या नैसर्गिक भेगांत शोधला जात होता, तो भिंती टेकल्याचीच खूण असू शकतो. आणि स्पर्शिकेने दाखविलेला क्षण हा पुष्कळ उशिराचा असतो. या दृष्टीने किमान प्रतिबल जुन्या आकड्याहून अधिक निघते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रायफल गावाजवळ १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत भेगेजवळच्या विवरात झुकावमापक बसविले होते. दाब प्रतिबलाच्या खाली गेल्यावरही भेग पूर्ण मिटत नाही, हे त्या नोंदींत दिसते. अनेक कंपन्यांच्या तज्ज्ञांच्या सहभागाने २०१९ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने नव्या अर्थास बळ दिले आणि शेलमध्ये विहिरीत शिरलेल्या वायूमुळे वर्तुळाकार अवस्थेचा खोटा भास होऊन पार्यता अनेक पटींनी जास्त दाखविली जाते, हेही दाखविले. जुन्या पद्धतीचे पुरस्कर्ते अजूनही आहेत. तथापि खडबडीत भिंतींचा युक्तिवाद भौतिकदृष्ट्या अधिक समाधानकारक वाटतो, हे मान्य करावे लागेल.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. वरचेच उदाहरण घ्यावे. तळाशी ५१० किलोग्रॅम दाबाने भेग उघडी होती. एका अभियंत्याने किमान प्रतिबल ४५० ठरविले, दुसऱ्याने त्याच आलेखावरून ५०० ठरविले. भेग मिटू नये म्हणून प्रत्यक्ष कामात तीत वाळू भरतात. उत्पादनाच्या वेळी विहिरीच्या तळाशी ७५ किलोग्रॅम दाब राहील असे धरले, तर वाळूच्या कणांवर पहिल्या हिशेबाने ३७५ आणि दुसऱ्या हिशेबाने ४२५ किलोग्रॅमचा भार येतो. साधी वाळू सुमारे ४०० च्या आसपास चुरडू लागते. म्हणजे पहिला अभियंता स्वस्त वाळू मागवील आणि दुसरा भाजलेल्या मातीचे महाग, कठीण गोल कण मागवील. पहिल्याचे चुकले, तर वाळूचे पीठ होऊन भेग बुजेल आणि सारा खर्च तीन किलोमीटर खाली गाडला जाईल. दुसऱ्याचे चुकले, तर शेकडो टन महाग माल विनाकारण वापरला जाईल.

भेग उंचीने किती वाढेल, हाही प्रश्न याच आकड्याशी बांधलेला आहे. वायूच्या थराच्या वरील खडकात प्रतिबल अधिक असले, तर भेग तेथे अडते. फरक थोडा असला, तर ती वर घुसते आणि पाणी व वाळू निरुपयोगी थरात जातात. म्हणून कसोशीने काम करणारे अभियंते वायूच्या थराबरोबर त्याच्या वरच्या थराचेही प्रतिबल मोजतात. भूजलाच्या सुरक्षिततेविषयी विचारणा होते, तेव्हा विहिरीच्या सिमेंटाच्या दर्जाबरोबरच या मोजणीकडेही पाहावयास हवे.

भारतातील घट्ट खडक

भारतात हा विषय आता केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने खोदलेल्या विहिरीतून जानेवारी २०११ मध्ये शेल खडकातील वायू प्रथम बाहेर आला. २०१३ साली केंद्र सरकारने शेलमधील वायू व तेलाविषयी धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी गुजरातमध्ये खंबातच्या खोऱ्यात महामंडळाने शेलसाठी विहीर घेतली. या प्रयत्नांतून मोठे व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील रागेश्वरी या खोल वायुक्षेत्राची गोष्ट वेगळी आहे. तेथील वायू बऱ्याच अंशी ज्वालामुखीजन्य, घट्ट खडकात आहे आणि विहिरी टप्प्याटप्प्याने फोडून त्यातून उत्पादन घेतले जाते. दख्खनच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसास ज्वालामुखीजन्य खडकातून वायू निघतो याचे नवल वाटावे. पण सच्छिद्रता आणि भेगा असल्या, की वायूला खडकाचे कूळ विचारण्याचे कारण नसते.

शेलचे अनुभव देशोदेशी सारखे नाहीत. अमेरिकेतील यशावरून अन्यत्र बांधलेले अंदाज अनेकदा फोल ठरले, कारण प्रत्येक खोऱ्यातील प्रतिबल, दाब आणि पार्यता निराळी. ‘या थरात मोठा खर्च करू नये’ असे एका टँकरभर पाण्याच्या खर्चात सांगता आले, तर ती चाचणी फसली असे म्हणता येत नाही. वायू न देणाऱ्या खडकाची चाचणी देखील यशस्वी असू शकते, ही गोष्ट खर्चाला मंजुरी देणाऱ्यांस पटवून देणे मात्र नेहमीच सोपे जात नाही.

अशा चाचणीचा अहवाल हाती आला, तर शेवटच्या पानावरील पार्यतेचा आकडा पाहण्याआधी चार गोष्टी शोधाव्यात. पंप थांबल्यावर नोंद किती तास चालली. मापक तोंडाशी होता की तळाशी. भेग मिटल्याचा क्षण कोणत्या पद्धतीने ठरविला. आणि वर्तुळाकार अवस्था प्रत्यक्ष दिसली, की ती आली असे गृहीत धरले. चांगल्या अहवालात पार्यतेचा एकच आकडा न देता तिची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते, आणि घट्ट खडकात त्या दोहोंमध्ये दहापटींचे अंतर असले तरी त्यात वावगे काही नसते.